दाभण

पाचव्या मजल्यावर मला नाव नव्हतं.
दफ्तरी म्हणायचे. तांडेल म्हणायचा फक्त चहावाला,
आणि एकदाच, बदली होऊन जाताना, केणीबाई.

एकतीस वर्षं नस्त्या शिवल्या.
लाकडी मुठीचं दाभण, मेण लावलेला पांढरा दोरा,
डाव्या समासात तीन भोकं, गाठ मागच्या अंगाला.
गाठ पुढून दिसलेली साहेबांना चालत नसे.

मजकूर वाचायचा पगार मला नव्हता.
पण त्रेचाळीसावं पान वाचलं,
कारण ते हाताने लिहिलेलं होतं, हिरव्या शाईत:
‘रे रोडच्या गोदामाला परवानगी देऊ नये.
मागच्या भिंतीला लागून बालवाडी आहे.
पिंपांत काय आहे ते अर्जात लिहिलेलं नाही.
मी स्वतः पाहून आले आहे.’
खाली मंदाकिनी केणी, कार्यकारी अभियंता.

गोदाम मंत्र्यांच्या मेहुण्याचं,
हे लिफ्टमनलासुद्धा ठाऊक होतं.
परवानगी निघाली. बाईंची बदली निघाली.
चौदा महिन्यांनी, एका मंगळवारी, डब्याच्या वेळेला
पिंपं फुटली.

आवाज आमच्यापर्यंत आला नाही.
आमच्या खिडक्या समुद्राकडे, आणि बंद.
आम्हाला फोन आले.

बुधवारी रात्री साडेआठला मला घरून बोलावलं.
उपसचिव एकटेच. म्हणाले, बसा.
एकतीस वर्षांतलं पहिलं ‘बसा’.
तिथेच मला घाम फुटला.
टेबलावर ती नस्ती, शेजारी एक सुटं पान,
तारीख मागच्या वर्षाची, कागद प्रिंटरमधून नुकता निघालेला, कोमट.
‘पाहणी केली. हरकत नाही.’
सही बाईंची. म्हणजे बाईंच्या सहीसारखी.

‘नितेशचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे,’ ते म्हणाले.
बाकी काही म्हणाले नाहीत.

मी दोरा कापला.
जुनं पान त्यांनी बशीत जाळलं,
राखेवर उरलेला चहा ओतला.

मग आयोग बसला. आयोग उठला.
अहवालही मीच शिवला, तो मात्र वाचला.
‘कार्यवाही नियमानुसार करण्यात आली.
पुरेशी दक्षता घेण्यात आली होती.
मृतांबद्दल दुःख व्यक्त करण्यात येत आहे.’
दोनशे सहा पानं, आणि कुणी काही केलेलंच नाही.
सगळं आपोआप करण्यात आलेलं.
माणूस एकाच वाक्यात सापडला:
‘श्रीमती केणी यांनी हरकत नोंदवली नाही.’

त्या नस्तीत एकशे बारा पानं आहेत.
एकशे अकरा पानांना सहा-सहा भोकं,
तीन जुनी, तीन त्या रात्रीची.
त्रेचाळिसाव्याला तीनच.
जुन्या भोकांतून दाभण घालता आलं असतं,
शिकाऊ पोरगाही घालतो.
माझा हात चळला, की मी चळू दिला,
अजून मला ठरवता येत नाही.
ठरवता आलं असतं तर झोप लागली असती,
एका कुशीवर तरी.

वकील आले, पत्रकार आले,
नस्ती त्यांनी उलटीपालटी करून पाहिली.
पान उजेडासमोर कुणी धरलं नाही.

नितेश आता तिसऱ्या मजल्यावर बसतो.
मुलगी त्याची बालवाडीत जाते.

आज किल्ला कोर्टाबाहेर
टाइपरायटरवाल्या पोराला प्रतिज्ञापत्र सांगत होतो.
तो सराईत, माझ्या पुढे धावत होता:
‘सदर पान काढण्यात आले. बरोबर, काका?’
नाही.
लिही, मी काढलं.
‘असं नाही लिहीत, काका.’
लिही.
त्याने खांदे उडवले. कळा आपटल्या.
पूर्णविराम इतका जोरात बसला
की कागदाच्या पाठीवर बोटाला लागला.

‘प्रती किती?’
तीन, म्हटलं.
‘टाचू?’
नको. सुट्याच राहू देत.